वाफसा आणि आकडा

विज्ञानाने जग जवळ आणले, हे वाक्य आपण शाळेतल्या निबंधापासून लिहीत आलो आहोत. आता विज्ञानाने त्यापुढचे पाऊल टाकले असून निर्जीव वस्तूंनाही बोलते केले आहे. विहिरीवरची मोटार, पाऊस मोजणारे यंत्र, जमिनीत पुरलेली सळई या वस्तू आपली खबर आपणहून दूरच्या संगणकाला कळवतात. या व्यवस्थेला 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' असे म्हणतात. आपण तिला वस्तूंचे जाळे म्हणू. कला शाखेच्या विद्यार्थिनीला या विषयाशी काय करायचे आहे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे ओघाने येईलच.

या नावाचा जन्मच मुळी उद्योग आणि विद्यापीठ यांच्या भेटीतून झाला. प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीत केव्हिन अ‍ॅश्टन नावाचा एक तरुण काम करीत होता. लिपस्टिकची एक विशिष्ट छटा दुकानातून वारंवार संपते आणि कंपनीला त्याचा पत्ताही लागत नाही, ही त्याची अडचण होती. वस्तूवरच एक बारीक रेडिओ चिप बसवली तर ती वस्तूच आपला ठावठिकाणा सांगेल, अशी कल्पना त्याला सुचली. १९९९ साली त्याने हे नाव वापरले आणि त्याच वर्षी अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत उद्योगांच्या पैशावर त्यासाठी संशोधन केंद्र सुरू झाले. अडचण आणि पैसा उद्योगाचा, प्रयोगशाळा आणि अभ्यास विद्यापीठाचा, अशी ही वाटणी होती.

अशीच वाटणी आज आपल्या महाराष्ट्रात पाहायला मिळते. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट कंपनी आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातील अभ्यासक यांच्या साहाय्याने उसाच्या शेतीत हा प्रयोग हाती घेतला. जानेवारी २०२४ मध्ये तेथील 'कृषिक' प्रदर्शनात तो लोकांसमोर आला. शेतात एक खांब उभा असतो. त्यावरील यंत्रे वारा, पाऊस, उष्णता आणि हवेतील दमटपणा मोजतात. जमिनीत पुरलेले संवेदक ओलावा सांगतात. उपग्रहाची छायाचित्रे पिकाचा हिरवेपणा दाखवतात. ही सारी माहिती मोबाईलच्या जाळ्यातून संगणकाकडे जाते आणि पाणी केव्हा द्यावे, कोठे रोग पडण्याचा संभव आहे, याची सूचना शेतकऱ्याच्या मोबाईलवर मराठीतून येते.

हे वाचून आपल्याला वाटेल की मग अडचण कसली? यंत्रे विकत आणावीत आणि आपल्या शिवारात पुरावीत. पण गोष्ट इतकी सोपी नाही, आणि विद्यापीठाची खरी गरज येथेच लागते.

ओलावा मोजणारा संवेदक प्रत्यक्षात पाणी पाहत नाही. तो मातीचा विद्युत्‌ गुणधर्म मोजतो. कोरड्या मातीचा हा गुण तीन ते पाचच्या आसपास असतो, तर पाण्याचा ऐंशीच्या घरात. त्या फरकावरून यंत्र ओलाव्याचा आकडा काढते. परंतु तोच आकडा प्रत्येक जमिनीत तीच गोष्ट सांगत नाही. जेवढ्या ओलाव्यावर भरड, मुरमाड रानातले पीक तरारून उभे असते, तेवढाच ओलावा भारी काळ्या जमिनीत असेल तर पीक माना टाकते. कारण चिकणमाती पाणी घट्ट धरून ठेवते व मुळांना देत नाही. शिवाय उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात आणि पुरलेल्या संवेदकाची मातीशी असलेली पकडच सुटते. आपला चौसाळा परिसर बालाघाटच्या रांगेतला. येथे एकाच गावच्या शिवारात माळावर मुरूम आणि ओढ्याकाठी काळी कसदार जमीन सापडते. तेव्हा कंपनी आकडा देईल. पण या मातीत त्या आकड्याचा अर्थ काय, हे येथल्या मातीचा अभ्यास करणाऱ्यालाच सांगता येईल.

माझे वडील हा अर्थ एका शब्दात सांगतात. मूठभर माती उचलून ते दाबतात. ढेकूळ बोटाने सहज फुटले की म्हणतात, "वाफसा आला." मला वाटते, सूचनेत 'आर्द्रता तीस टक्के' असे येण्यापेक्षा 'वाफसा आला, पाळी घाला' असे आले तर ती आमच्या घरी लगेच कळेल.

आमच्या घरात बारामतीकडची ओळख कोयत्यामुळे आहे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन आई-वडील अनेक वर्षे ऊसतोडीला जात. मी आजीजवळ राहून शिकले आणि घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिली ठरले. म्हणून या प्रयोगाकडे पाहताना माझ्या मनात आणखी एक प्रश्न येतो. कोणत्या फडातल्या उसात साखर केव्हा भरली, हे यंत्रांच्या माहितीवरून ठरू लागले, तर टोळीने कोणत्या दिवशी कोणत्या फडात जायचे तेही त्यावरूनच ठरेल. ती खबर शेतकऱ्याला आणि कारखान्याला मिळेल. टोळीलाही ती चार दिवस आधी मिळाली तर रिकामे बसण्याचे दिवस वाचतील; कारण तेथे मजुरी टनावर मिळते, दिवसावर नाही. सहकार्याची आखणी करताना कोयत्याचाही विचार व्हावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

मराठवाड्याला आपले कृषी विद्यापीठ आहे. परभणी येथे १९७२ साली ते स्थापन झाले आणि अलीकडच्या काळात डिजिटल शेती, ड्रोन व यंत्रमानव यांवर तेथे राष्ट्रीय प्रकल्पांतर्गत काम झाले आहे. राहुरीच्या विद्यापीठाने पाणी केव्हा व किती द्यावे हे सांगणारे मोबाईल अ‍ॅप तयार केले आहे. म्हणजे घरचा पाया तयार आहे. कोरडवाहू कापूस, सोयाबीन, तूर यांच्यासाठी उद्योगांनी या विद्यापीठांशी हात मिळवला तर ज्याच्या विहिरीत मोजकेच पाणी आहे, त्याला ते एका पाळीने कमी लागले तरी मोठाच आधार होईल. ज्याच्याकडे पाणी मुबलक आहे त्याची फार तर वीज वाचेल. आपल्याकडे पीक वाचेल.

आता कला शाखेचा प्रश्न. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील जमिनींचे प्रकार, विहिरींची पातळी आणि पावसाची नोंद दरवर्षी ठेवली तर अशा प्रयोगाला लागणारी पहिली सामग्री गावातच तयार होईल. मराठीच्या विद्यार्थ्यांनी वाफसा, पाळी, भेगाळणे, माना टाकणे असे आपल्या आईवडिलांच्या तोंडचे शब्द गोळा केले तर यंत्राची सूचना शेतकऱ्याच्या भाषेत लिहिता येईल. या दोन्ही कामांना प्रयोगशाळा लागत नाही. एक वही लागते, आणि सुट्टीत गावी गेल्यावर वडीलधाऱ्यांशेजारी बांधावर बसण्याची तयारी लागते. येत्या जूनपासून भूगोल विभागातील मित्रमैत्रिणींनी पर्जन्यनोंदीची अशी वही सुरू करावी, ही माझी विनंती आहे.