पासवर्ड विचारला, पण कुलूप लागलंय का?

सोसायट्या, पतसंस्था, क्लासेस, छोटे दवाखाने... कितीतरी ठिकाणी सगळ्या नोंदी आजही मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या एका फाइलमध्ये असतात. उघडताना पासवर्ड विचारला जातो, म्हणून सगळे निर्धास्त. मला मात्र काळजी वाटते, कारण आत लोकांचे फोन नंबर, थकबाकी, आजार असतात.

आधी फाइलच्या नावाचं शेपूट पाहा. ‘एमडीबी’ असेल, तर ती जुन्या धाटणीची फाइल. तिच्यात पासवर्ड घातला तरी आतला मजकूर होता तसाच उघडा राहतो. ॲक्सेस फक्त दारात अडवतं. एका सोसायटीच्या अशा फाइलची प्रत मी नोटपॅडमध्ये उघडली. पासवर्ड कुणी विचारलाच नाही. चित्रविचित्र चिन्हांच्या गर्दीत इंग्रजीत टाइप केलेली सभासदांची नावं सरळ वाचता येत होती. शेजारी बसलेल्या सेक्रेटरींनी स्वतःचं नाव बोटाने दाखवलं आणि गप्प झाले. ‘आम्ही चांगला लांबलचक पासवर्ड ठेवलाय’ हे समाधानही इथे फोल आहे. तो पासवर्ड फाइलच्या सुरुवातीलाच जेमतेम झाकून ठेवलेला असतो आणि साध्या टूलने क्षणात निघतो.

ॲक्सेस २००७ पासून ‘एसीसीडीबी’ फाइल आली. तिला पासवर्ड दिला की आतला मजकूरच एनक्रिप्ट होतो. २०१० पासून हे एनक्रिप्शन आणखी भक्कम झालं. लांब पासवर्डला अर्थ आहे तो इथे. म्हणून जुनी फाइल आधी ‘सेव्ह ॲज’ने एसीसीडीबी करून घ्या, मग पासवर्ड द्या.

‘पासवर्ड लागतच नाही, ॲक्सेस बिघडलंय’ ही तक्रार नेहमीची. बिघाड काही नसतो. सगळ्यांना फाइल बंद करायला सांगा, ‘ओपन’ बटणाशेजारचा बाण दाबून ‘ओपन एक्स्क्लुझिव्ह’ निवडा आणि मग फाइल, इन्फो, ‘एनक्रिप्ट विथ पासवर्ड’. शेवटी ‘रो लेव्हल लॉकिंग’विषयी एक सूचना येते आणि लोक घाबरतात. डेटा सुखरूप असतो. यापुढे एकच नोंद लॉक न होता तिच्या पानावरच्या शेजारच्या नोंदीही लॉक होतील, एवढाच तिचा अर्थ. पासवर्ड बदलायचा असेल तर त्याच ठिकाणी ‘डिक्रिप्ट’ करून नवा द्यायचा.

खरी गफलत होते ती दोन फाइलींच्या मांडणीत. टेबलं सर्व्हरवरच्या ‘मागच्या’ फाइलमध्ये, फॉर्म प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवरच्या ‘पुढच्या’ फाइलमध्ये. मागच्या फाइलला पासवर्ड दिला की टेबलं पुन्हा लिंक करावी लागतात आणि तेव्हा दिलेला पासवर्ड पुढच्या फाइलच्या एका लपवलेल्या सिस्टिम टेबलमध्ये वाचता येईल अशा रूपात जाऊन बसतो. पुढची फाइल पेनड्राइव्हवर गेली की किल्लीही गेली! म्हणून तिलाही वेगळा पासवर्ड द्या. तरीही ती उघडण्याचा अधिकार असलेल्या माणसापासून मागचा पासवर्ड लपत नाही.

याच कारणाने ‘प्रत्येक क्लार्कला वेगळा पासवर्ड, वेगळे अधिकार’ ही अपेक्षा एसीसीडीबीकडून ठेवू नका. फाइलला पासवर्ड एकच. जुन्या एमडीबीतली युजरनिहाय सुरक्षा तिच्यात नाही. ती हवी असेल तर टेबलं एसक्यूएल सर्व्हरवर न्या. त्याची एक्स्प्रेस आवृत्ती मोफत मिळते.

एनक्रिप्ट केलेल्या फाइलचा पासवर्ड हरवला, तर तो मायक्रोसॉफ्टकडूनही परत मिळत नाही. दोन पदाधिकाऱ्यांकडे कागदावर, बंद पाकिटात ठेवा. आणि जुन्या एमडीबीच्या प्रती शोधा: मेलमध्ये, बॅकअपच्या डिस्कवर, ऑडिटरला दिलेल्या पेनड्राइव्हवर. त्या अजून तशाच उघड्या आहेत.