ऱ्हाईन मुखप्रदेशातील बंदरे व अंतर्देशीय वाहतूक मार्ग

ऱ्हाईन, म्यूज व स्केल्ट या नद्यांच्या मुखप्रदेशातील सागरी बंदरांचा समूह आणि त्यांना यूरोपच्या अंतर्भागाशी जोडणारी जलमार्ग व लोहमार्ग यांची व्यवस्था. नेदर्लंड्समधील रॉटरडॅम, ॲमस्टरडॅम व व्ह्लिसिंगेन आणि बेल्जियममधील अँटवर्प, झेब्रुग व गेंट ही यांतील प्रमुख बंदरे होत. २०२३ मध्ये रॉटरडॅम येथे सु. ४४ कोटी टन, तर अँटवर्प व झेब्रुग यांच्या संयुक्त बंदरात सु. २७ कोटी टन मालाची चढउतार झाली. बंदरातील मालाचा उगम वा शेवट ज्या भूप्रदेशात होतो, त्यास त्या बंदराचा पृष्ठप्रदेश म्हणतात. या बंदरांचे पृष्ठप्रदेश एकमेकांत मिसळलेले असून त्यांचा बराचसा भाग जर्मनी, स्वित्झर्लंड, पूर्व फ्रान्स व उत्तर इटली येथे आहे. त्यामुळे परस्परांची स्पर्धक असूनही मार्गांच्या बाबतीत या बंदरांना एकमेकांवर व शेजारी राष्ट्रांवर अवलंबून राहावे लागते.

जलमार्ग : ऱ्हाईन नदी समुद्रापासून स्वित्झर्लंडमधील बाझेलपर्यंत, म्हणजे सु. ८५० किमी.हून अधिक अंतर, मालवाहू बार्जना खुली आहे. व्हिएन्ना परिषदेने (१८१५) या नदीवरील नौकानयनासाठी मध्यवर्ती आयोग नेमला. मॅनहाइम करारान्वये (१८६८) नौकानयन करमुक्त व सर्व राष्ट्रांना समान अटींवर खुले झाले. आयोगाचे कार्यालय १९२० पासून स्ट्रॅसबर्ग येथे आहे. अँटवर्पची स्थिती अधिक अवघड होती. कारण स्केल्ट नदीचे मुख नेदर्लंड्सच्या हद्दीत आहे. तेथील पथकराचा हक्क बेल्जियम व अन्य सागरी राष्ट्रांनी १८६३ मध्ये एकरकमी मोबदला देऊन संपविला. पुढे १९६३ च्या करारानुसार खोदलेला स्केल्ट-ऱ्हाईन कालवा १९७५ मध्ये खुला झाला आणि अँटवर्पहून ऱ्हाईनकडे जाणाऱ्या बार्जना भरती-ओहोटीचा अडथळा नसलेला मार्ग मिळाला.

जलमार्ग स्वस्त असला, तरी तो पर्जन्यावर अवलंबून असतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये जर्मनीतील काउप येथील मापकावर पाण्याची पातळी २५ सेंमी.पर्यंत खाली गेली. (हे अंक नदीपात्राची प्रत्यक्ष खोली दर्शवीत नाहीत.) बार्जना क्षमतेच्या काही अंशानेच माल भरता आला व उर्वरित माल लोहमार्गाकडे वळवावा लागला.

लोहमार्ग : रॉटरडॅमपासून जर्मन सरहद्दीपर्यंतचा बेतुवे हा सु. १६० किमी. लांबीचा दुहेरी लोहमार्ग केवळ मालवाहतुकीसाठी बांधण्यात आला व १६ जून २००७ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. तो जर्मन जाळ्याशी जोडण्याबाबत दोन्ही राष्ट्रांत १९९२ मध्ये वार्नेम्यून्ड येथे करार झाला होता. तथापि सरहद्दीपलीकडील एमेरिख-ओबरहाउझेन या टप्प्यात तिसरा रूळमार्ग टाकण्याचे काम दीर्घकाळ रखडले. परिणामी नव्या मार्गाची पूर्ण क्षमता उपयोगात आणता आली नाही. अँटवर्पला जर्मनीशी थेट जोडणारा ‘लोखंडी ऱ्हाईन’ हा मार्ग १८३९ च्या तहातील हक्कानुसार नेदर्लंड्सच्या लिंबुर्ग प्रांतातून काढण्यात आला व १८७९ मध्ये सुरू झाला; त्यावरील थेट वाहतूक १९९१ मध्ये बंद पडली. २००५ च्या लवादाने बेल्जियमचा हक्क मान्य केला; मात्र नेदर्लंड्सचे पर्यावरणविषयक कायदेही लागू ठरविले. मार्ग पुन्हा सुरू झालेला नाही.

दक्षिणेस स्वित्झर्लंडने सु. ५७ किमी. लांबीचा गोटहार्ड पायथा-बोगदा (२०१६) व चेनेरी बोगदा (२०२०) बांधून आल्प्स ओलांडणारा कमी चढाचा मार्ग पुरा केला. इटलीतील जेनोआ बंदरापर्यंत जाणाऱ्या या मार्गावर विद्युत् दाब मात्र एकसारखा नाही : नेदर्लंड्समध्ये सामान्यतः १,५०० व्होल्ट एकदिश, बेतुवे मार्गावर २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती, जर्मनी व स्वित्झर्लंडमध्ये १५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती, तर इटलीत ३,००० व्होल्ट एकदिश प्रवाह वापरतात. संकेतप्रणाली व चालकांची भाषाही बदलते.

या विषमतेचे परिणाम १२ ऑगस्ट २०१७ रोजी स्पष्ट झाले. जर्मनीतील राश्टाट येथे चालू लोहमार्गाखाली बोगदा खोदला जात असता रूळ खचले व मार्ग २ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिला. काही पर्यायी मार्गांवर दुरुस्तीची कामे चालू होती. फ्रान्समधून जाणाऱ्या मार्गासाठी फ्रेंच जाणणारे, मार्गाशी परिचित चालक पुरेसे नव्हते. धक्के, याऱ्या व गुदामे शाबूत असूनही माल खोळंबला. यानंतर २०१८ मध्ये यूरोपीय लोहमार्ग व्यवस्थापकांनी अशा आपत्तीत राष्ट्रांच्या सीमांपलीकडे गाड्या वळविण्याची समान कार्यपद्धती तयार केली.

सहकार्याचे स्वरूप : बंदरांतील सहकार्य मुख्यत्वे तीन प्रकारचे आहे. पहिला प्रकार माहितीच्या देवाणघेवाणीचा : रॉटरडॅम व ॲमस्टरडॅम यांच्या स्वतंत्र संगणकीय व्यवस्था एकत्र करून २००९ मध्ये ‘पोर्टबेस’ ही संस्था स्थापन झाली. दुसरा प्रकार विलीनीकरणाचा : २०१८ मध्ये गेंट आणि नेदर्लंड्समधील व्ह्लिसिंगेन व टर्नूझेन ही बंदरे राष्ट्रसीमा ओलांडून ‘नॉर्थ सी पोर्ट’ या नावाने एक झाली, अँटवर्प व झेब्रुग यांचे विलीनीकरण २०२२ मध्ये घडले. तिसरा प्रकार मार्गाच्या संयुक्त नियोजनाचा : यूरोपीय संघाने २०१३ मध्ये ऱ्हाईन-आल्प्स हा एक प्रमुख वाहतूक पट्टा म्हणून निश्चित केला आणि २०२४ च्या सुधारित नियमांत तो अधिक विस्तृत पट्ट्यात समाविष्ट केला.

या सहकार्याची मर्यादा खर्चाच्या वाटणीत दिसून येते. एखाद्या टप्प्यावरील सुधारणेचा लाभ दूरच्या बंदराला होतो. खर्च, गोंगाट व जमिनीचे संपादन यांचा भार मात्र त्या टप्प्यावरील राष्ट्राला व तेथील रहिवाशांना सोसावा लागतो. म्हणून बंदराचा विस्तार आणि पृष्ठप्रदेशातील मार्गांचा विस्तार यांची गती क्वचितच जुळते. संपूर्ण मार्गाची क्षमता त्यातील सर्वांत दुर्बळ टप्प्यावरून ठरत असल्याने तो टप्पा कोणत्याही राष्ट्रात असला, तरी त्याची सुधारणा हा सर्व बंदरांच्या समान हिताचा प्रश्न ठरतो.