कोंबड्यांच्या शेडमधले अँटिबायोटिक आणि तुमचा कल्चर रिपोर्ट

लघवीला जळजळ होते, थंडी वाजून ताप येतो, म्हणून डॉक्टर लघवीची कल्चर तपासणी सांगतात. दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट हातात येतो. त्यात जिवाणूचे नाव असते, बहुधा ई. कोलाय, आणि खाली औषधांची लांबलचक यादी. प्रत्येक औषधापुढे एक अक्षर छापलेले असते. ‘एस’ म्हणजे हे औषध त्या जिवाणूवर चालेल, ‘आर’ म्हणजे चालणार नाही. हल्ली या यादीत ‘आर’ बरेच दिसतात. मग जो आजार चार गोळ्यांत बरा व्हायचा, त्यासाठी शिरेतून इंजेक्शने घ्यावी लागतात आणि हॉस्पिटलमध्ये राहावे लागते. “पण डॉक्टर, मी तर वर्षभरात एकही अँटिबायोटिक घेतलेले नाही,” असे काही रुग्ण म्हणतात. अनेकदा ते अगदी खरे असते.

कारण औषधाला दाद न देणारे जिवाणू तुमच्या शरीरात सापडायला ते औषध तुम्हीच घेतलेले असले पाहिजे असे नाही. असे जिवाणू दुसऱ्या कोणाच्या तरी आतड्यात तयार होऊन तुमच्यापर्यंत येऊ शकतात. हा ‘दुसरा कोणी’ बहुतेक वेळा माणूसच असतो. माणसांनी गरज नसताना घेतलेली अँटिबायोटिक हे आजही मोठे कारण आहे, ते विसरून सगळा दोष कोंबडीच्या माथी मारण्यात अर्थ नाही. पण शेडमधल्या कोंबड्यांचा या साखळीत वाटा आहे, आणि तो कसा हे समजले तर घरात काय सांभाळायचे ते आपोआप कळते.

शेडमध्ये नेमके काय होते?

ब्रॉयलर कोंबडी साधारण पाच ते सहा आठवड्यांत विक्रीला तयार होते. (ती हार्मोनची इंजेक्शने देऊन फुगवतात, हा समज चुकीचा आहे. ही वाढ निवडून तयार केलेल्या जातीमुळे आणि खाद्यामुळे होते.) एका छताखाली हजारो पक्षी असतात. त्यातला एक आजारी पडला तर त्याला बाजूला काढून औषध पाजणे शक्य नसते, म्हणून औषध पाण्यातून किंवा खाद्यातून सगळ्यांनाच दिले जाते. आजारी कळपावर उपचार म्हणून ते देणे समजण्यासारखे आहे. पण आजार येऊ नये म्हणूनही ते दिले जाते, आणि कित्येक वर्षे नुसते वजन लवकर वाढावे म्हणूनही दिले गेले. खाद्यात अगदी थोडे अँटिबायोटिक मिसळले तर पिल्ले भराभर वाढतात, हे १९५०च्या सुमारास अमेरिकेत लक्षात आले आणि तेव्हापासून ही पद्धत जगभर पसरली.

खरी अडचण या ‘थोड्या’ मात्रेतच आहे. कोंबडीच्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू असतात. थोडे औषध रोज पोटात गेले की त्यातले दुबळे मरतात आणि ज्यांच्याकडे औषध निष्प्रभ करण्याची युक्ती आहे ते उरतात. मोकळ्या झालेल्या जागेत त्यांचीच पैदास होते. शिवाय जिवाणू ही युक्ती एकमेकांना देऊ शकतात. तिची जनुके बऱ्याचदा ‘प्लाझ्मिड’ नावाच्या छोट्या कड्यावर असतात आणि हे कडे एका जिवाणूकडून शेजारच्या जिवाणूकडे जाते, तो वेगळ्या जातीचा असला तरीही. एकाच कड्यावर अनेक औषधांविरुद्धची जनुके असू शकतात.

हे प्रत्यक्षात तपासले ते अमेरिकेतले डॉ. स्टुअर्ट लेव्ही यांनी. बॉस्टनजवळच्या एका शेतावर त्यांनी काही पिल्लांना टेट्रासायक्लिन घातलेले खाद्य दिले आणि काहींना साधे. त्यांचे निष्कर्ष १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधाचे खाद्य खाणाऱ्या पिल्लांच्या आतड्यांतले जिवाणू अल्पावधीतच टेट्रासायक्लिनला दाद देईनासे झाले, आणि पुढे जी औषधे दिलीच नव्हती त्यांनाही. पाच-सहा महिन्यांत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या शौचाच्या नमुन्यांपैकी सुमारे ३१ टक्के नमुन्यांत बहुतांश जिवाणू टेट्रासायक्लिनला न जुमानणारे निघाले. शेजारच्या घरांत हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास होते. औषधाची गोळी या माणसांपैकी कोणाला दिलेली नव्हती, औषध होते ते कोंबड्यांच्या खाद्यात. ते खाद्य बंद केल्यावर सहा महिन्यांनी बहुतेकांमधले हे जिवाणू नाहीसे झाले, हेही त्याच अभ्यासात दिसले.

कॅनडातही असाच अनुभव आला. तिथे अंड्यातून पिल्लू बाहेर येण्याआधीच अंड्यात सेफ्टिओफर हे औषध टोचत असत. क्युबेकमधल्या हॅचरींनी २००५ मध्ये ते स्वतःहून थांबवले. त्यानंतर चिकनमध्ये आणि माणसांमध्ये सापडणाऱ्या एका प्रकारच्या साल्मोनेला जिवाणूंमधली त्या गटातल्या औषधांविरुद्धची प्रतिकारशक्ती झपाट्याने घटली. पुढे औषध काही प्रमाणात पुन्हा सुरू झाले, तशी ती पुन्हा वाढली.

कोलिस्टिनचे प्रकरण

आपल्या घरातले माणूस आयसीयूमध्ये असताना काहींनी हे नाव ऐकले असेल. कोलिस्टिन हे जुने औषध. मूत्रपिंडांना इजा होते म्हणून डॉक्टरांनी ते जवळजवळ बाजूला ठेवले होते. पण क्लेबसिएलासारखे जिवाणू बाकी कशालाच दाद देईनात, तेव्हा त्याला पुन्हा बाहेर काढावे लागले. ते शेवटच्या फळीतले औषध आहे. ते चालले नाही तर पुढे हाताशी फारच थोडे पर्याय उरतात.

आणि हेच औषध वजन वाढावे म्हणून कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात मिसळले जात होते. २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांना डुकरांत, बाजारातल्या मांसात आणि रुग्णांतही ‘एमसीआर-१’ हे जनुक सापडले. ते कोलिस्टिन निकामी करते आणि प्लाझ्मिडवर असल्याने सहज पसरते. चीनने २०१७ मध्ये वाढीसाठीचा हा वापर बंद केला. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत, कोंबड्यांत आणि पशुखाद्यात कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. माझ्या मते हा निर्णय आणखी आधी व्हायला हवा होता.

मग चिकन खायचे की नाही?

खायला हरकत नाही. पण इथे दोन गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे मांसात उरलेला औषधाचा अंश, दुसरी म्हणजे मांसावरचे जिवंत जिवाणू. अंश उरतो हे खरे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकचा अंश मिळाला. शिजवल्याने तो पूर्ण जाईल याची खात्री नसते. औषध थांबवल्यावर ठरावीक दिवस गेल्याशिवाय पक्षी विकू नये, असा नियम त्यासाठीच आहे. औषधाच्या वेष्टनावर वेगळा काळ दिलेला नसेल, तर मांसासाठी किमान २८ दिवस आणि अंड्यांसाठी ७ दिवस थांबायचे असते. सहा आठवड्यांत विकल्या जाणाऱ्या पक्ष्यासाठी २८ दिवस म्हणजे किती, याचा हिशेब तुम्हीच करा.

जिवाणूंचे मात्र तसे नाही. औषधाला दाद न देणारा जिवाणूही उकळत्या रश्श्यात इतर जिवाणूंसारखाच मरतो. नीट शिजलेले चिकन त्या दृष्टीने सुरक्षित असते. धोका असतो तो ते पातेल्यात पडेपर्यंत. रविवारी घरोघरी काय होते ते आठवा. चिकन जोराच्या नळाखाली धुतले जाते, त्याचे शिंतोडे ओट्यावर आणि शेजारी धुवून ठेवलेल्या कोथिंबिरीवर उडतात. मग त्याच सुरीने, त्याच पाटावर कांदा-लिंबू चिरले जाते. कांदा काही शिजत नाही. धुवायचेच असेल तर नळ बंद ठेवून पातेल्यातल्या पाण्यात हलक्या हाताने धुवा, आणि नंतर सिंक, सुरी व हात साबणाने घासा. कोशिंबीर आधीच चिरून झाकून ठेवली तर निम्मे काम तिथेच होते. दुकानातून आणताना चिकनची पिशवी भाजीच्या पिशवीत टाकू नका. फ्रीजमध्ये ते झाकणाच्या डब्यात, सगळ्यांत खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये हे जिवाणू मरत नाहीत. हळद-मीठ-दही लावल्यानेही मरतील असे धरून चालू नका. तंदुरी किंवा भाजलेला तुकडा हाडाजवळ गुलाबी दिसला तर परत आचेवर ठेवा. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि केमोथेरपी घेणारे यांनी अर्धवट शिजलेली अंडी टाळावीत. गावरान कोंबडीला यातून सूट नाही, आणि ‘अँटिबायोटिकविरहित’ असा शिक्का असलेल्या पाकिटालाही नाही. त्या पक्ष्यांच्या आतड्यांतही जिवाणू असतातच.

घरात कोणी पोल्ट्रीत काम करत असेल तर शेडची चप्पल आणि कपडे शेडवरच राहू द्या. कोंबडखत हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय बाळाला उचलू नका. पिल्लांसाठी आणलेले औषध माणसांनी घ्यायचे नाही, आणि घरातल्या उरलेल्या गोळ्या पिल्लांच्या पाण्यात टाकायच्या नाहीत. औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच आणा.

बाहेरचे खाऊन जुलाब झाले की केमिस्टकडून दोन-तीन अँटिबायोटिक गोळ्या आणण्याची सवय मात्र सोडा. असे बहुतेक जुलाब ओआरएस आणि साध्या जेवणावर काही दिवसांत थांबतात. शौचातून रक्त पडणे, खूप ताप, लघवी कमी होणे किंवा तान्ह्या बाळाला जुलाब, यांपैकी काही असेल तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी कल्चरसाठी नमुना द्या. जुने रिपोर्ट सोबत न्या आणि तुम्ही किंवा घरातले कोणी कोंबड्या-जनावरांत काम करत असल्यास तेही सांगा. कल्चर यायला दोन-तीन दिवस लागतात. तोपर्यंत कोणते औषध सुरू करायचे हे डॉक्टरांना याच माहितीवरून ठरवावे लागते.