मनातली गाठ, शरीरातली गाठ

घरात कुणाला कर्करोग झाल्याचं कळलं की भेटायला येणाऱ्यांपैकी एक तरी जण दबक्या आवाजात म्हणतोच, ‘आयुष्यभर सगळं मनात ठेवलं, दुसरं काय होणार!’ या समजुतीला मराठीनेही नकळत हातभार लावला आहे. मनात बसते तीही गाठ आणि सोनोग्राफीत दिसते तीही गाठच. ‘भावनांचा निचरा करा, आजार आपोआप जाईल’ असं सांगणाऱ्या शिबिरांचा डोलारा जवळजवळ या कोटीवरच उभा आहे. लुईझ हे यांच्या १९८४ सालच्या ‘यू कॅन हील युवर लाइफ’ या पुस्तकाने तर कोणत्या आजारामागे मनातली कोणती अढी असते याचा तक्ताच दिला. त्यात कर्करोगाच्या वाट्याला वर्षानुवर्षं जपलेला सल आला. सोसणाऱ्याने जन्मभर सोसलं आणि शेवटी आजाराचा दोषही त्याच्याच पदरात, असा हा हिशेब आहे.

हिशेब तपासता येतो, आणि तो तपासलाही गेला आहे. स्वीडन आणि फिनलंडमधल्या ५९,५४८ जुळ्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. चिंता करण्याचा किंवा मोकळेढाकळेपणाचा कर्करोगाच्या धोक्याशी त्यात काही संबंध दिसला नाही. यावर आक्षेप येतो की स्वभावाच्या प्रश्नावलीत दाबलेली भावना कुठे सापडते? ठीक, मग भावना प्रत्यक्ष बाहेर काढून काय झालं ते पाहू. डेव्हिड स्पीगल यांनी १९८९ साली स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. गटात बसून मन मोकळं करणाऱ्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने जगल्या, बाकीच्या १८.९ महिने. हे आकडे आजही ठिकठिकाणी सांगितले जातात. त्यापुढची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. २००१ साली २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग झाला. वेदना आणि मनस्ताप कमी झाला, आयुष्य वाढलं नाही. २००७ साली खुद्द स्पीगल यांनी तो पुन्हा केला, तेव्हाही एकूण गटाचं आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. वेदना कमी होणं ही काही लहान गोष्ट नव्हे, आणि तेवढ्यासाठीसुद्धा असे गट असावेत. पण गाठ विरघळते असं म्हणायला यातून आधार मिळत नाही.

कारण सापडत नाही तोवर मनाला धरायचं, ही सवय जुनीच आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवीपर्यंत क्षय हा हळव्या, झुरणाऱ्या माणसांचा रोग मानला जाई. पोटातल्या अल्सरचं खापर तर १९८० च्या दशकापर्यंत काळजीवर फुटत होतं. मार्शल आणि वॉरन यांनी त्यामागचा जंतू दाखवला, त्याबद्दल त्यांना २००५ साली नोबेलही मिळालं. तरी ‘टेन्शनने अल्सर झाला’ हे वाक्य काही जात नाही.

मग मनाचा शरीरावर परिणामच होत नाही का? होतो, भरपूर होतो. शेल्डन कोहेन यांच्या १९९१ च्या प्रयोगात ३९४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले, तेव्हा ज्यांच्यावर ताण जास्त ते जास्त आजारी पडले. पण हा परिणाम संप्रेरकं, नाडी, रक्तदाब, झोप यांच्या वाटेने होतो. भावना म्हणजे रांजणात साचलेलं पाणी नव्हे की तोटी सोडली आणि संपलं. रागाच्या बाबतीत तर तोटी सोडल्यावर पाणी वाढतंच. ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली ६०० विद्यार्थ्यांना चिडवून काहींना पंचिंग बॅग बडवायला दिली. चिडवणाऱ्याचा विचार करत बडवणारे सर्वांत जास्त संतापलेले राहिले. नुसते शांत बसलेले कमी आक्रमक होते. आणि संतापाच्या उद्रेकानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका जवळजवळ पाचपट होतो, असं २०१४ च्या एका आढाव्यात दिसलं. निरोगी माणसासाठी हा वाढलेला धोकाही तसा लहानच, पण याला ‘निचरा’ म्हणणं अंमळ धाडसाचं आहे.

राहिलेले समज थोडक्यात. अश्रूंतून शरीरातली विषं जातात: ते काम यकृत आणि मूत्रपिंडांचं. अपघातानंतर माणसाला लगेच बोलतं केलं की मानसिक आघात टळतो: एकाच बैठकीत असं बोलतं केल्याने तो टळत नाही, असं वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेचा आढावा सांगतो.

निचऱ्याचे समर्थक शेवटी हमखास लिखाणावर येतात, आणि इथे त्यांच्या हाती खरंच काहीतरी आहे. १९९९ सालच्या एका प्रयोगात दमा आणि संधिवाताच्या रुग्णांनी तीन दिवस, रोज वीस मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक घटनेबद्दल लिहिलं. चार महिन्यांनी त्यांच्यातल्या ४७ टक्क्यांची प्रकृती लक्षणीय सुधारली होती. साध्या विषयावर लिहिणाऱ्यांमध्ये हे प्रमाण २४ टक्के होतं. पुढे १४६ अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा सरासरी फायदा बराच लहान निघाला, पण निघाला. तो कशामुळे? या पद्धतीचे जनक जेम्स पेनेबेकर यांनी अशा प्रयोगांत सहभागी झालेल्यांचे कागद शब्द मोजून तपासले. ज्यांची तब्येत सुधारली, त्यांच्या लिखाणात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘आता कळतं’ असे शब्द वाढत गेलेले होते.