सर्वांत मोठ्या रात्रीचा कंदील



मार्गशीर्षाच्या अखेरीस एखादा परगांवचा माणूस लातुरांत उतरला, तर एके दिवशीं त्याला मोठें नवल वाटतें. दुकानें बंद, रस्ते ओस, घरांना कुलपें. गांवावर कांहीं संकट आलें कीं काय, अशी शंका त्याच्या मनांत यावी. संकट वगैरे कांहीं नसतें. त्या दिवशीं वेळा अमावस्या असते आणि सारें गांव शेतांत जेवावयास गेलेलें असतें. आमच्या बोलींत हिला येळवस म्हणतात. सरकारी कचेऱ्यांनाही त्या दिवशीं स्थानिक सुटी असते. ही अमावस्या, तिच्या आसपासच्या लांब रात्री, त्या रात्रींतील दिवे आणि हातानें करावयाचा कागदी कंदील, यांविषयीं आज चार शब्द सांगण्याचें मीं योजिलें आहे. विषय निरनिराळे दिसले तरी ते एकाच दोऱ्यांत ओंवलेले आहेत.

प्रथम रात्रीविषयीं. २१ किंवा २२ डिसेंबर रोजीं आपल्याकडे सर्वांत लहान दिवस असतो, हें शाळेंत सर्वांनींच घोकलेलें असतें. तें डोळ्यांनीं पाहावयाचें असेल तर एक मीटर लांबीची काठी अंगणांत सरळ रोवावी आणि दुपारीं बारा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास तिची सांवली मोजावी. नांदेडास ती सुमारें ९२ सेंटिमीटर भरते. लातूर थोडें दक्षिणेस, म्हणून तेथें सुमारें ९० सेंटिमीटर. हीच काठी मे महिन्याच्या मध्यास पाहिली तर दुपारीं तिची सांवली पायाशींच नाहींशी झालेली असते. जूनमध्यें आपला दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा असतो. तोच डिसेंबरांत सुमारें अकरा तासांचा होतो.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. सर्वांत लहान दिवशींच सूर्य सर्वांत लौकर मावळतो, असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. आपल्या भागांत सूर्य सर्वांत लौकर मावळतो तो नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यांत, आणि सर्वांत उशिरां उगवतो तो जानेवारीच्या मध्यास. कारण सूर्याचा माध्यान्ह घड्याळाच्या काट्याशीं बांधलेला नाहीं. डिसेंबरांत तो रोज सुमारें अर्धा मिनिट पुढें सरकत असतो. म्हणून अंधार दाटण्याचा काळ हा एका दिवसाचा नसून चांगला दीड महिन्याचा आहे, आणि आपले दिव्यांचे सणही त्या साऱ्या काळांत पसरलेले आहेत.

दुसरा प्रश्न संक्रांतीचा. उत्तरायण जर डिसेंबरांत सुरू होतें, तर तिळगूळ जानेवारींत कां? आपलीं पंचांगें वर्ष मोजतात तें ताऱ्यांच्या संदर्भानें. तें वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारें वीस मिनिटांनीं मोठें आहे. वीस मिनिटें म्हणजे कांहीं नव्हे, असें वाटेल. परंतु एकाहत्तर-बाहत्तर वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. सुमारें सतराशें वर्षांपूर्वीं संक्रांत आणि खरें उत्तरायण एकाच दिवशीं पडत होतें. आज त्यांत तेवीस-चोवीस दिवसांचें अंतर आहे. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं १९५२ सालीं नेमलेल्या समितीनें याचा विचार करून जें राष्ट्रीय पंचांग सिद्ध केलें, तें २२ मार्च १९५७ पासून चालू आहे. त्यांत पौषाचा पहिला दिवस २२ डिसेंबरलाच येतो. आकाशवाणीवर रोज जी भारतीय सौर तारीख सांगितली जाते ती हीच.

आतां वेळा अमावस्येकडे वळूं. ही मार्गशीर्षाची अमावस्या. चंद्राच्या हिशेबानें ती मागेंपुढें होते. २०२२ सालीं ती २३ डिसेंबरला आली, तर २०२४ च्या आरंभीं ११ जानेवारीस. परंतु मध्य डिसेंबर ते मध्य जानेवारी ही तिची चौकट ती सोडीत नाहीं. अमावस्या असल्यामुळें चांदणेंही नाहीं. तेव्हां वर्षांतील मोठ्या रात्रींपैकीं ही एक, आणि काळोखींही पुरी. सीमेपलीकडे बिदर आणि कलबुर्गी या भागांत हिलाच एळ्ळ अमावास्ये म्हणतात. कानडींत एळ्ळु म्हणजे तीळ. येळवस हा आमचा शब्द तेथूनच आलेला दिसतो. १९५६ पर्यंत हे सारे जिल्हे एकाच हैदराबाद राज्यांत होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे शब्दांनीं सीमा ओलांडल्याचें नवल वाटत नाहीं.

या दिवशीं शेतांत कडब्याची कोप उभारतात. तींत पांच पांडव मांडून पूजा करतात. घरची लक्ष्मी आंबिलीचें बिंदगें डोक्यावर घेऊन येते. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि ज्वारीची भाकरी असा बेत असतो. हरभरा, गहू, करडई आणि ज्वारी हीं पिकें भोंवतीं उभीं असतात. दिवस मावळला म्हणजे कडब्याची पेंढी पेटवून ती पिकाभोंवतीं फिरवितात. तिला हेंडगा म्हणतात. दूरवरच्या शेतांतून एकाच वेळीं असे जाळ धांवतांना ज्यानें पाहिले, त्याला काळोखाची भीति वाटेनाशी होते. हें सारें उत्तरायणासाठीं म्हणून कोणी करतो, असें माझें म्हणणें नाहीं. शेतकरी तें पिकासाठीं करतो. परंतु सर्वांत लांब रात्रींच्या ऐन भरांत माणसें एकत्र जमतात आणि अग्नि घेऊन शिवारांतून चालतात, ही गोष्ट खरी आहे.

नांदेडकडे पाहावें तर याच अमावस्येच्या आदल्या दिवशीं, म्हणजे मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीस, लोहा तालुक्यांतील माळेगांव येथें खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवें आणि उंट यांचा बाजार, कुस्त्यांचे फड आणि लावणीचे कार्यक्रम यांसाठीं ती प्रसिद्ध आहे. तेथें वाघ्या-मुरळीच्या हातीं जी दिवटी असते, ती नीट पाहण्यासारखी आहे. धातूची मूठ, तींत तेलानें भिजविलेला कापडाचा पीळ, आणि तेल घालण्यास जवळ बुधली. ही दिवटी वाऱ्यांतही सहसा विझत नाहीं. रात्रभरच्या जागरणांत तीच देवाची खूण आणि तीच गाणाराच्या मुखावरचा प्रकाश. आपल्याकडे दिवा आणि कला यांची सोबत फार जुनी आहे, ती अशी.

अन्य देशांतही हेंच आढळतें. इराणांत या रात्रीस यल्दा म्हणतात. कुटुंब एकत्र बसून डाळिंबें खातें आणि काव्य वाचून रात्र जागवितें. स्वीडन देशांत १३ डिसेंबरला मुली डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालून निघतात. जुन्या दिनदर्शिकेंत सर्वांत मोठी रात्र त्या तारखेच्या आसपास पडत असे. इंग्लंडमधील ब्रायटन या समुद्रकांठच्या शहरीं गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून नवी प्रथा पडली आहे. गांवचे लोक विलोच्या लवचिक काड्या आणि पांढरा पातळ कागद यांचे कंदील घरीं करतात, २१ डिसेंबरला मिरवीत किनाऱ्यावर नेतात आणि तेथें त्यांची होळी करतात. त्या गांवाला कोणती पुराणकथा लाभली होती असें नाहीं. सर्वांनीं मिळून करावें असें कांहीं तरी हवें होतें, एवढेंच.

ही गोष्ट ऐकली तेव्हां मला माझें बालपण आठवलें. आमच्या घरीं शेत नव्हतें. येळवशीच्या आदल्या रात्रीं शेजारचे पाटील येत आणि वडिलांना म्हणत, "गुरुजी, उद्यां चूल पेटवूं नका." ज्याला शेत आहे त्यानें ज्याला नाहीं त्याला बोलवावें, जातपात वा धर्म पाहूं नये, ही या सणाची खरी रीत. परंतु आज शहरांत नव्या वसाहती झाल्या आहेत. समोरच्या दारीं कोण राहतो हें ठाऊक नसतें. ज्याचें शेत सुटलें आणि ज्याला बोलावणारा कोणी उरला नाहीं, असा माणूस त्या दिवशीं बंद दुकानांच्या रस्त्यावर एकटा फिरतांना मीं पाहिला आहे. गांवाचा सण त्याला अधिकच एकटा करून जातो. त्याच्यासाठीं काय करतां येईल, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षें टोंचत आला.

त्याचें उत्तर मला कंदिलांत सांपडलें. परंतु त्याआधीं एक चूक सांगितली पाहिजे. १९८६ सालीं डिसेंबरांत मीं एका खेड्यांतील शाळेंत मुलांकडून कंदील करविले होते. अंधार पडतांच चाळीस मुलें ओळीनें गांवांतून निघालीं. मीं कंदील सुतळीनें टांगण्यास सांगितलें होतें. एका मुलाच्या कंदिलाची सुतळी ज्योतीच्या बरोबर वर आली, जळून तुटली, आणि पेटता कागद त्याच्या हातावर पडला. हात भाजला. मुख्याध्यापकांनीं त्या दिवसापासून कंदील बंद केले. त्यांचें चुकलें असें मी म्हणत नाहीं. चूक माझी होती. मीं मुलांना कागद कापावयास शिकविलें, पण ज्योत कशी वागते हें शिकविलें नव्हतें.

तें आज सांगतों. ज्योतीला श्वास लागतो. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यास खालून गार हवा येते. म्हणून कंदील खालून थोडा उघडा आणि वरून पूर्ण मोकळा असावा. खालचें तोंड बंद केलें तर ज्योत काजळी धरूं शकते वा विझूंही शकते. बाजूस भोंक राहिलें तर वाऱ्याचा झोत ज्योतीला कागदावर लोटतो. ज्योतीच्या वर हातभर अंतरापर्यंत उष्णता फार, म्हणून तेथें कागद, दोरा, झिरमिळ्या कांहींही असूं नये. टांगावयास तारच घ्यावी.

आतां कृति. बांबूच्या एक वीत लांबीच्या बारा कामट्या घ्याव्या. कुसळें लागूं नयेत म्हणून त्या घांसून गुळगुळीत कराव्या. तीन-तीन टोंकें दोऱ्यानें बांधीत आठ कोपरे साधले कीं चौकोनी सांगाडा उभा राहतो. तळाशीं दोन कामट्या फुलीसारख्या बांधून मधोमध पत्र्याचें झांकण तारेनें घट्ट करावें. दिव्याची जागा तीच. मग चार बाजूंस पतंगाचा कागद गव्हाच्या पिठाच्या खळीनें चिकटवावा. खळ पातळ असावी. कागद वाळतांना आपोआप ताणला जातो. लहान मुलांच्या हातीं जळता दिवा देऊंच नये. बॅटरीवरील लहान दिवा आज सहज मिळतो. मोठ्यांनीं ज्योत लावली तर जवळ पाण्याची बादली ठेवावी आणि कडब्याच्या गंजीपासून दूर राहावें.

सेवानिवृत्त झाल्यापासून आमच्या गल्लींत सर्वांत लहान दिवसाच्या संध्याकाळीं आम्ही असे कंदील करतों. विकतचा कंदील अधिक देखणा असतो, हें खरें. परंतु तो एकट्यालाही आणतां येतो. हा मात्र एकट्याला होत नाहीं. कोपरा बांधतांना तिसरा हात लागतो, आणि तो शेजाऱ्याकडूनच घ्यावा लागतो. कंदील झाले कीं कोणी भारूड म्हणतो, कोणी संबळ वाजवितो, एक आजीबाई ओव्या गातात. पहिल्या वर्षीं चार घरें आलीं होतीं. आतां आमच्या ओळींतील बहुतेक येतात. त्यांत भाड्यानें राहणारे आहेत, परप्रांतांतून आलेले गवंडी आहेत. ज्यांना शेत आहे ते त्याच रात्रीं इतरांना येळवशीचें आमंत्रण देतात. एरवीं ज्याचें नांवही ठाऊक नव्हतें, त्याला बोलावणें आतां जड जात नाहीं.

ज्याचा हात भाजला होता तो मुलगा आतां सुतारकाम करतो. हाताच्या पाठीवर वण अजून आहे. आमच्या कामट्या दर वर्षीं तोच तासून देतो, आणि प्रत्येक कंदिलाची तार स्वतः ओढून पाहिल्यावांचून तो मुलांच्या हातीं देत नाहीं.

आपल्या वाड्यांत, चाळींत वा गल्लींत यंदा बारा कामट्या आणून पाहाव्या, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.