फुलीचा वरचा टाका

बोईसर स्टेशनच्या पूर्वेला बेटेगावात नव्या इमारती उभ्या राहिल्या आणि तारापूर एमआयडीसीतल्या नोकऱ्यांसाठी कुठकुठली कुटुंबं इथे राहायला आली. अशा घरांत रुखवतातली एखादी काचेची फ्रेम असतेच: मॅटीवर क्रॉस-स्टिचने भरलेला मोर, राधाकृष्णाची जोडी, नाहीतर ‘सुस्वागतम्’. दुरून सगळ्याच फ्रेमा छान दिसतात. जवळ गेलं की एक छापल्यासारखी सफाईदार दिसते आणि दुसरी, रंग तेच आणि मेहनतही तेवढीच असून, खरबरीत वाटते. माझ्या मते या फरकाचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे फुलीचा वरचा टाका.

फुली म्हणजे एकमेकांवरून जाणारे दोन तिरपे टाके. डोळ्यांत भरतो तो वरचा. भरतकामाच्या सुती दोऱ्याला मर्सरायझिंगमुळे चमक आलेली असते आणि टाक्याची दिशा बदलली की चमकही बदलते. शंभर फुल्यांचे वरचे टाके उजवीकडे चढणारे आणि मधल्या तिघींचे डावीकडे, असं झालं तर रंग एकच असूनही तिथे डाग पडल्यासारखा दिसतो. म्हणून वरच्या टाक्याची दिशा आधी ठरवायची आणि काम संपेपर्यंत ती मोडायची नाही. चूक बहुधा कापड हातात फिरल्यामुळे होते. वरच्या काठाला रंगीत दोऱ्याचा एक टाका खुणेसाठी घालून ठेवला की कापड कसं धरायचं, हे विसरायला होत नाही.

एकाच रंगाची ओळ असेल तर आधी सगळे खालचे टाके एका दिशेने टाकत जावं आणि परत येताना वरचे टाकावेत. ताण सारखा राहतो, मागची बाजूही नीट येते. सुट्या फुल्या मात्र एकेक पूर्ण कराव्यात.

दोऱ्याची लडी सहा पदरी असते. इंचाला १४ घरं असलेल्या कापडावर सहसा दोन पदर वापरतात. ते लडीतून एकेक करून ओढायचे आणि मग जुळवायचे. एकदम ओढले तर गुंततात. दोरा हातभर, म्हणजे १८ इंच पुरे. लांब दोरा कापडातून पुन्हापुन्हा जाऊन विसविशीत होतो. टाके घालता घालता दोऱ्याला पीळ बसतो आणि दोन पदर शेजारी न बसता एकमेकांवर चढतात. अधूनमधून कापड उलटं धरून सुई मोकळी सोडावी, ती गरगर फिरून पीळ आपोआप काढते. वरचा टाका घालताना सुई दोन पदरांच्या मधून खाली नेली तर ते शेजारीशेजारी सपाट बसतात. वेळ लागतो, पण चेहरा, फूल अशा नजरेत येणाऱ्या जागी तेवढा वेळ द्यावा. सुई बोथट टोकाची हवी, म्हणजे ती धागा न चिरता घरातूनच जाते.

ताण किती? दोरा कापडावर टेकला की थांबायचं. घराचं भोक मोठं दिसू लागलं तर ओढ जास्त झाली. आणि गाठ मारायची नाही, फ्रेममध्ये तिचा उंचवटा पुढून दिसतो. दोऱ्याचं टोक मागच्या चार-पाच टाक्यांखालून सरकवून कापावं. पांढऱ्या कापडामागून गडद दोरा लांबवर ओढून नेला तर तोही पुढून दिसतो.

गाठ न मारण्याची ही शिस्त बेळगाव-धारवाडकडच्या कसुतीतही आहे. इरकली साडीवरच्या या कामात छपाई नसते, कापडाचे धागे मोजून टाके घालतात. त्यातल्या मेंथी टाक्याला मेथीच्या दाण्यावरून नाव मिळालं आणि तो फुलीचाच टाका आहे.

कापड घेताना पट्टी सोबत न्यावी. साध्या मॅटीत उभी आणि आडवी घरं इंचाला सारखी नसली तर वर्तुळ लांबट होतं. हिशेबही आधीच करावा: १४ घरांच्या कापडावर १० इंचांचा चौकोन पूर्ण भरायचा तर १९,६०० फुल्या होतात.

आपल्या पालघर जिल्ह्यात भरायला सगळ्यात सुंदर नमुना वारलीचा. टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचं धड, आणि पायरीपायरीने चढणारी तिरपी कड चौकटीच्या कागदावर सहज उतरते. गेरूच्या रंगाच्या कापडावर पांढरा दोरा घ्यावा, पण दोन पदरांतून गडद कापड डोकावतं, तेव्हा तीन घ्यावेत. घरं दिसत नसतील तर मांडीवर पांढरं फडकं पसरावं.

किनाऱ्यालगतच्या दमट हवेत आणखी एक पथ्य पाळावं. उठताना कापड ताणून धरणारी रिंग काढायची आणि सुई कापडात टोचून ठेवायची नाही, नाहीतर रिंगचा वळ आणि गंजाचा ठिपका दोन्ही पक्के बसतात. काम पूर्ण झालं की थंड पाण्यात धुवावं. लाल दोऱ्याचा रंग सुटला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत खंगाळत राहावं, मध्येच वाळवू नये. मग जाड टॉवेलवर पालथं घालून मागून इस्त्री करावी, टाके चेपत नाहीत.

लग्नाचा चौक भिंतीवर काढणाऱ्या वारली बायकांची नावं सहसा नोंदली गेली नाहीत. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या चित्रांमागच्या एका नावाचा तरी सन्मान झाला. रुखवतातल्या फ्रेमांवरही भरणारीचं नाव क्वचितच सापडतं. तेव्हा शेवटची फुली झाली की सुई लगेच ठेवू नका. उजव्या कोपऱ्यात एका पदराने आपलं नाव आणि साल भरा.