उत्रेख्तच्या बाटल्या आणि छाट कलमाची मुळे

डाळिंबाची, अंजिराची किंवा द्राक्षाच्या खुंटाची काडी पिशवीत खोचण्यापूर्वी तिचे खालचे टोक पांढऱ्या भुकटीत बुडवण्याची रीत महाराष्ट्रातील रोपवाटिकांत इतकी रुळली आहे, की त्या भुकटीमागे काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. भुकटीचा जवळजवळ सर्व भाग शंखजिऱ्याचा असतो आणि त्यात दर हजार भागांमागे एक ते आठ भाग इंडोल ब्युटिरिक आम्ल, म्हणजे बागायतदारांच्या बोलण्यातील आयबीए, मिसळलेले असते. हे द्रव्य बागायतीत येण्याआधीच्या काही वर्षांत वनस्पतिरसायनशास्त्रात एक मोठी चूक घडली. जी द्रव्ये झाडाची खरी संजीवके म्हणून जगभरच्या पाठ्यपुस्तकांत विराजमान झाली ती अस्तित्वातच नव्हती, आणि जे द्रव्य दुय्यम म्हणून बाजूला काढले गेले त्यानेच काड्यांना मुळे फोडून दाखवली.

तोडलेल्या काडीला मुळे फुटतात ती सालीच्या आत, वाढीच्या पातळ थरालगत असलेल्या काही पेशी आपले मूळचे काम सोडून मुळांचे अंकुर घडवू लागतात म्हणून. या पेशींना तसा इशारा कोठून मिळतो, याचा अंदाज बागवानांना फार पूर्वीपासून असावा, कारण काडीचे खालचे टोक चिरून त्यात अंकुरलेला धान्याचा दाणा बसवण्याची युक्ती युरोपात व पश्चिम आशियात शास्त्राच्या कितीतरी आधी प्रचारात होती. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ यूलियुस झाक्स यांनी १८८० च्या सुमारास मत मांडले, की मुळे घडवणारे काही द्रव्य पानांत तयार होते आणि खोडातून खाली उतरते. काडी उलटी लावली तरी मुळे तिच्या मूळच्या खालच्या टोकाकडेच फुटू पाहतात, या जुन्या निरीक्षणाशी ते मत जुळत होते, पण ते द्रव्य हाती कोणाच्याच आले नव्हते.

ते हाती येण्याची वाट नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठात सापडली. डार्विन पिता-पुत्रांनी १८८० मध्ये प्रकाशाकडे वळणाऱ्या गवताच्या कोंबांवर सुरू केलेला शोध पुढे नेत फ्रिट्स व्हेंट या तरुण संशोधकाने १९२६ ते १९२८ या काळात ओटच्या कोंबाची शेंडी कापून अगारच्या, म्हणजे समुद्रशेवाळापासून केलेल्या जेलीच्या तुकड्यावर ठेवली आणि मग तो तुकडा शेंडी नसलेल्या कोंबाच्या एका कडेला बसवला. कोंब विरुद्ध बाजूला वाकला, आणि किती वाकला यावरून जेलीत उतरलेल्या द्रव्याचे प्रमाण ठरवता येऊ लागले. पुढे या द्रव्याला ऑक्सिन हे नाव मिळाले. त्यानंतर जावा बेटावरील बोइटेनझोर्खच्या, म्हणजे आजच्या बोगोरच्या, वनस्पती उद्यानात काम करताना व्हेंट यांनी १९२९ मध्ये दाखवले, की अ‍ॅकॅलिफाच्या पानांतून निघणारा अर्क त्याच झाडाच्या काड्यांना जास्त मुळे फोडतो. झाक्स यांचे द्रव्य आता काल्पनिक राहिले नव्हते.

मात्र ओटच्या शेंड्यांतून रासायनिक पृथक्करणापुरते द्रव्य मिळवणे अशक्यप्राय होते, म्हणून उत्रेख्तमधील सेंद्रिय रसायनशास्त्राचे प्राध्यापक फ्रिट्झ क्योग्ल यांनी वेगळाच कच्चा माल निवडला. मानवी मूत्रात ओटचा कोंब वाकवण्याची शक्ती भरपूर असल्याचे आढळले होते. क्योग्ल, आरी यान हागेन-स्मिट आणि हान्नी एर्क्सलेबेन या तिघांनी मोठ्या प्रमाणावर मूत्र गोळा करून, एकामागून एक द्रावकांनी त्याचे पृथक्करण करून, प्रत्येक टप्प्यावर ओटच्या कोंबाने शक्ती मोजत स्फटिक मिळवले आणि १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांची घोषणा केली. त्या द्रव्याला ऑक्सिन-अ म्हटले गेले, तर मक्याच्या तेलातून व माल्टमधून ऑक्सिन-ब मिळाल्याचे जाहीर झाले. दोन्हींच्या रेणूंची रचनाही मांडली गेली, आणि दोन्हींत प्रत्येकी अठरा कार्बन अणू होते. याच कामाच्या ओघात १९३४ मध्ये मूत्रातूनच तिसरे क्रियाशील द्रव्य निघाले. ते नवे नव्हते, कारण १८८५ पासून रसायनशास्त्रज्ञांना ते कुजण्याच्या क्रियेतील एक साधे उत्पादन म्हणून ठाऊक होते आणि त्याचे नाव होते इंडोल अ‍ॅसेटिक आम्ल. उत्रेख्तच्या गटाने त्याला हेटेरोऑक्सिन असे वेगळे नाव देऊन झाडाच्या स्वतःच्या संजीवकांहून निराळे ठरवले. उच्च वनस्पतींचे खरे संजीवक म्हणजे अ आणि ब, ही समजूत त्यानंतर दोन दशके टिकली.

या समजुतीची उभारणी नीट पाहिली पाहिजे, कारण चूक एकाच वेळी घडली नाही, तर थर चढत गेले. ऑक्सिन-अ चे स्फटिक काही महिन्यांनी निष्क्रिय होतात असे दिसू लागले, तेव्हा मूळ नमुन्याबद्दल शंका घेण्याऐवजी ते आपोआप छद्म-ऑक्सिन नावाच्या रूपात बदलतात असे स्पष्टीकरण प्रसिद्ध झाले. इतर प्रयोगशाळांना अ किंवा ब मिळवता आले नाही, तरी उत्रेख्तची प्रतिष्ठा एवढी मोठी होती की दोष पुन्हा प्रयोग करणाऱ्याच्या हाताला दिला जाई. याच प्रयोगशाळेने १९३९ मध्ये कर्करोगाच्या गाठींतील प्रथिनांत ग्लुटामिक आम्लाचे उलट्या धाटणीचे रूप सापडल्याचा दावा केला आणि तोही इतरत्र सिद्ध झाला नाही, याचे स्मरण येथे ठेवणे योग्य ठरेल.

शंका पक्की व्हायला १९४० चे दशक उजाडले. विशेष म्हणजे मूळ तिघांपैकी एक असलेल्या हागेन-स्मिट यांनीच अमेरिकेत गेल्यावर सहकाऱ्यांसह १९४६ मध्ये मक्याच्या कोवळ्या दाण्यांतून इंडोल अ‍ॅसेटिक आम्ल वेगळे केले, आणि ‘दुय्यम’ ठरलेले द्रव्य झाडातच तयार होते हे स्पष्ट झाले. हागेन-स्मिट पुढे लॉस एंजेलिसच्या विषारी धुक्याचे रसायन उलगडून त्या विषयाचे आद्य संशोधक ठरले, पण वनस्पतिशास्त्रासाठी त्यांची ही दुरुस्ती कमी मोलाची नाही. १९५४ मध्ये मूत्राचे पृथक्करण पुन्हा करणाऱ्या संशोधकांना त्यात क्रियाशील द्रव्य म्हणून इंडोल अ‍ॅसेटिक आम्लच मिळाले. क्योग्ल १९५९ मध्ये वारले. त्यांच्या प्रयोगशाळेतील जुन्या बाटल्या मात्र राहिल्या होत्या, आणि १९६६ मध्ये व्ह्लीगेनथार्ट आडनावाच्या दोन संशोधकांनी त्यांतील मूळ नमुने वस्तुमान वर्णपटमापकातून, म्हणजे रेणूचे तुकडे करून त्यांचे वजन तोलणाऱ्या यंत्रातून, तपासले. ऑक्सिन-अ ची चिठ्ठी असलेल्या बाटलीत कोलिक आम्ल, म्हणजे पित्तातील एक सर्वसाधारण आम्ल, होते. ऑक्सिन-ब च्या बाटलीत थायोसेमिकार्बाझाइड होते, जे सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत इतर द्रव्ये ओळखण्यासाठी वापरले जाणारे रसायन आहे.

नंतरच्या लिखाणात या प्रकरणाचा सगळा भार बहुधा एर्क्सलेबेन यांच्या माथी मारला गेला, कारण प्रत्यक्ष प्रयोग त्यांच्या हातून होत. हा निवाडा अपुरा आहे. निबंधांवर क्योग्ल यांची सही होती, रचना त्यांच्या मार्गदर्शनाखाली मांडल्या गेल्या, आणि क्रियाशीलता नाहीशी होण्याचे कारण शोधताना बाटली उघडून पाहण्याऐवजी नवे रूपांतर सुचवण्याचा मार्ग प्रयोगशाळेच्या प्रमुखानेच स्वीकारला. मदतनीस स्त्रीला एकटीला जबाबदार धरणारा इतिहास वाचकाने मान्य करू नये.

या काळात काड्यांनी मात्र रसायनशास्त्रज्ञांची वाट पाहिली नाही. अमेरिकेत केनेथ थिमन आणि कोपफ्ली यांनी १९३५ च्या आरंभी प्रयोगशाळेत तयार केलेले शुद्ध इंडोल अ‍ॅसेटिक आम्ल वाटाण्याच्या काड्यांना मुळे फोडते हे ‘नेचर’मध्ये दाखवले. त्याच वर्षी विल्यम कूपर यांनी लोकरीच्या मेणात ते कालवून लिंबाच्या काड्यांना लावले आणि फळझाडाच्या छाट कलमाला संजीवकाचा उपयोग प्रथम नोंदवला गेला. कूपर यांनी पुढे केलेला एक प्रयोग आजही विचार करायला लावतो. संजीवक लावलेले टोक काही काळाने कापून टाकून उरलेल्या काडीला पुन्हा तेच संजीवक लावले, तर मुळे फारशी येत नाहीत. म्हणजे ऑक्सिन एकटे पुरेसे नाही. त्याच्या जोडीला काडीतच साठलेले काहीतरी हवे, आणि ते एकदा खाली उतरून कापले गेले की संपते. व्हेंट व बूइयेन यांनी अशा द्रव्याला आधीच ऱ्हायझोकॅलिन हे नाव दिले होते, पण ते द्रव्य आजवर कोणालाही वेगळे करता आलेले नाही.

बागायतीला खरा टेकू मिळाला तो न्यूयॉर्कजवळच्या योंकर्स गावी, तांब्याच्या खाणींवर श्रीमंत झालेल्या विल्यम बॉइस थॉम्पसन यांच्या पैशातून १९२४ मध्ये उभ्या राहिलेल्या संस्थेत. पर्सी झिमरमन, अल्फ्रेड हिचकॉक आणि संचालक विल्यम क्रॉकर यांना १९३३ मध्ये कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूत ठेवलेल्या झाडांच्या खोडांना मुळे फुटताना दिसली होती. त्यामुळे मुळे फोडणारे द्रव्य झाडातलेच असले पाहिजे हा आग्रह त्यांच्याकडे नव्हता, आणि हाच त्यांचा फायदा ठरला. १९३५ मध्ये झिमरमन आणि रसायनशास्त्रज्ञ फ्रँक विल्कॉक्सन यांनी अनेक संश्लेषित आम्ले एकामागून एक काड्यांवर तपासली, आणि त्यांतून इंडोल ब्युटिरिक आम्ल व नॅप्थलिन अ‍ॅसेटिक आम्ल ही दोन निघाली, जी आजही बाजारात आहेत. हे विल्कॉक्सन म्हणजे १९४५ मध्ये संख्याशास्त्रात स्वतःच्या नावाची कसोटी रूढ करणारे तेच गृहस्थ. उपचार केलेल्या व न केलेल्या झाडांतला फरक खरा की योगायोगाचा, हा प्रश्न त्यांच्यापुढे रोजच्या कामातूनच उभा राहत होता. योंकर्सच्या संशोधनाची थोरवी उत्रेख्तपेक्षा अधिक मानावी लागते, कारण तेथे दाव्यांसमोर उपचाराविना लावलेल्या काड्यांची रांग उभी असे.

आयबीएचा गुण असा, की ते काडीत फार फिरत नाही आणि झाडातील विकरे किंवा प्रकाश त्याला इंडोल अ‍ॅसेटिक आम्लाइतक्या लवकर नष्ट करत नाहीत. १९८४ मध्ये एपस्टाइन व लावी यांनी द्राक्ष व ऑलिव्हच्या काड्यांत दाखवून दिले, की दिलेल्या आयबीएचा काही भाग काडी हळूहळू इंडोल अ‍ॅसेटिक आम्लात बदलून घेते. रोपवाटिकेतील भुकटी, अर्थात, त्याच जुन्या दुय्यम द्रव्याचा सावकाश उघडणारा साठा आहे. भुकटीऐवजी द्रावणही चालते. पन्नास टक्के अल्कोहोलमध्ये ५०० ते १०००० पीपीएम तीव्रतेच्या द्रावणात टोक तीन ते पाच सेकंद बुडवतात, किंवा २० ते २०० पीपीएमच्या पाण्यात ते दिवसभर ठेवतात. १००० पीपीएम म्हणजे लिटरला एक ग्रॅम, आणि आयबीए साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्याने ते आधी अल्कोहोलमध्ये विरघळवावे लागते.

महाराष्ट्रात या द्रव्याची गरज सर्व पिकांत सारखी नाही, हे जाहिरातींत क्वचितच सांगितले जाते. पुरंदरच्या अंजिराची पक्व काडी भुकटीविनाही मुळे धरते. डाळिंबाच्या काडीत आयबीएने मुळांची संख्या व एकसारखेपणा वाढतो, पण त्याच्याविना काम अडत नाही. खरा उपयोग होतो तो खारवट जमीन व पाणी सोसण्यासाठी द्राक्षबागायतदारांनी स्वीकारलेल्या डॉगरिजसारख्या खुंटाला, कारण त्याच्या काडीला मुळे फुटणे नेहमीच्या द्राक्षजातींपेक्षा कठीण आहे, आणि या खुंटावर पुढे थॉम्पसनसारखी जात कलम करायची असते. दुसऱ्या टोकाला आंबा उभा आहे. फळावर आलेल्या झाडाची काडी भुकटीला जवळजवळ दाद देत नाही, म्हणून कोकणाने कोय कलम स्वीकारले, ते योग्यच होते. कोवळ्या रोपाच्या काडीला मुळे फुटतात आणि त्याच जातीच्या जुन्या झाडाच्या काडीला फुटत नाहीत, याचे कारण कूपर यांच्या लिंबाच्या काडीतील हरवलेल्या जोडीदाराशी जोडलेले असू शकते. भुकटी नसलेली क्षमता निर्माण करत नाही, असलेली जागी करते.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे छाट कलमातून मातृवृक्षाचे गुण जसे जसेच्या तसे उतरतात, तसे रोगही उतरतात. डाळिंबातील तेल्या रोगाचा जिवाणू रोगट काडीतून नव्या बागेत पोचतो, आणि एकाच भांड्यातील द्रावणात शेकडो काड्या बुडवल्या तर संजीवकाचे भांडेच रोग पसरवण्याचे साधन होऊ शकते. म्हणून काड्या निरोगी, वर्षानुवर्षे तपासलेल्या मातृवृक्षांवरूनच घ्याव्यात, भुकटी दर वेळी थोडी वेगळी काढून वापरावी आणि उरलेली मूळ डब्यात परत टाकू नये.

रोपवाटिकाधारकांना एवढीच विनंती, की प्रत्येक तुकडीतील काही काड्या कोणत्याही संजीवकाविना लावाव्यात, दोन्ही रांगांतील मुळे धरलेल्या काड्या मोजाव्यात आणि आयबीएची तीव्रता, ती तयार केल्याची तारीख व मातृवृक्षाची खूण या नोंदींसह त्या आकड्यांची वही ग्राहकाला मागताच दाखवावी.